हिवाळ्यातला गहू आणि हिवाळी गहू

१८८५ च्या पुणे गॅझेटिअरात शिरूर ‘सिरूर’ आहे, दौंड ‘धोंड’ आहे आणि दौंडचा मुलूख बारामतीसह भीमथडी तालुक्यात मोडतो. या भागातला गहू रब्बीतला: पावसाळा सरला की पेरायचा, उन्हं चढायच्या आत काढायचा. एवढ्यावरून त्याला ‘हिवाळी गहू’ म्हणावेसे वाटते. मात्र ती चूक आहे.

युरोप-रशियातला हिवाळी गहू वेगळा. शरदात पेरतात, तो बर्फाखाली राहतो. शून्याच्या जरा वरची थंडी काही आठवडे खाल्ल्याशिवाय पोटरीतच येत नाही. तो इथे, घोड-भीमा नद्यांच्या काठी पेरला तर फुटव्यांचे गवत माजेल, ओंबी धड निसवणार नाही. आपल्या गव्हाला गारवा हवा तो फुटवे धरायला आणि दाणा भरायला. ओंबी त्यावाचूनही येते, दाणा मात्र चिमतो.

थंडी रोपाला नेमकी कुठे कळते? याचा भक्कम पुरावा १९४० चा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या ओ. एन. पर्व्हिस यांनी हिवाळी राय या तृणधान्याच्या दाण्यांतून कोंबाची टोके कोरून काढली, साखरेच्या माध्यमावर थंडीत ठेवली. पानही न फुटलेल्या त्या इवल्या तुकड्यांवर थंडी लागू पडली.

दुसरी थंडी निराळी, आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशांतून भ्रूण वाढवले. गव्हावर हीच रीत करताना कोवळ्या ओंब्या आधी काही दिवस ४ अंशांच्या आसपास ठेवतात. ही थंडी फुलोऱ्यासाठी नसते. परागकणाने नेहमीची वाट सोडून भ्रूणाकडे वळावे म्हणून असते.

आता पुन्हा आपल्या गव्हाकडे. १९४६ ला पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. तिचे गव्हाचे शेत होळला, बारामती तालुक्यात, म्हणजे जुन्या भीमथडीतच. तिचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी (ड्युरम) गव्हाचा वाण, प्रथिने १४.७ टक्के, जिरायतात १०२ दिवसांत तयार होतो. खरा हिवाळी गहू शेतात नऊ-दहा महिने काढतो.

गाव नमुना बारामध्ये, म्हणजे पिकांच्या सरकारी नोंदवहीत, नुसते ‘गहू’ लिहिलेले असते, जिरायत की बागायत एवढेच. खपली की बन्सी, म्हणजे गव्हाचा प्रकार कोणता, ते कळत नाही. म्हणून शिरूर-दौंडकडे कुणाच्या घरी बियाण्याची जुनी पावती, पेरणीची वही असेल तर ती रद्दीत घालू नका.