काळ्या शुक्रवाराची कुळकथा

अमेरिकेच्या इतिहासांत ‘काळा शुक्रवार’ हें नांव प्रथम गाजलें तें सोन्याच्या सट्ट्यामुळें. जे गूल्ड व जेम्स फिस्क या दोघां सटोडियांनीं न्यूयॉर्कच्या बाजारांतील सोनें आपल्या मुठींत आणण्याचा घाट घातला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनीं सरकारी खजिन्यांतील सोनें विक्रीस काढतांच भाव कोसळला आणि अनेक व्यापारी धुळीस मिळाले. तो दिवस २४ सप्टेंबर १८६९ हा होय. आज मात्र हें नांव उच्चारलें कीं अमेरिकन गृहस्थाच्या डोळ्यांपुढें दिवाळें उभें राहत नाहीं. उभा राहतो तो दुकानापुढचा जमाव. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे वर्षाच्या सुबत्तेबद्दल ईश्वराचे आभार मानण्याचा सण येतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीं नाताळच्या खरेदीस तोंड लागतें, आणि त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात.

भरभराटीच्या दिवसाला असें अशुभ नांव कां? व्यापारी याचें एक गोड उत्तर देतात. हिशेबाच्या वह्यांत तोटा तांबड्या शाईनें व नफा काळ्या शाईनें लिहीत. वर्षभर तोट्यांत चाललेलें दुकान या शुक्रवारीं नफ्यांत येतें, म्हणून तो काळा. उत्तर सुबक आहे, आणि सुबक व्युत्पत्तींवर जितका विश्वास ठेवावा तितकाच यावरहि ठेवावा. छापील लेखांत ही उपपत्ति १९८१ च्या सुमारास आढळूं लागते. नांव त्याहून निदान वीस वर्षांनीं जुनें आहे.

दिवस आधीं घडला, नांव मागाहून आलें. यादवी युद्ध ऐन भरांत असतां १८६३ सालीं लिंकन यांनीं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या सणासाठीं नेमून दिला. पुढें मोठमोठ्या दुकानदारांनीं त्याला आपल्या दारीं आणलें. फिलाडेल्फियांत गिंबेल बंधूंनीं १९२० मध्यें, तर न्यूयॉर्कमध्यें मेसी यांच्या दुकानानें १९२४ मध्यें मिरवणूक सुरू केली. मिरवणुकीच्या अखेरीस सांताक्लॉज यावयाचा आणि त्याच्यामागून नाताळचा बाजार. सणापूर्वीं नाताळच्या जाहिराती देऊं नयेत असा संकेतहि रूढ झाला. त्यामुळें बाजाराचें नशीब पंचांगाच्या हातीं गेलें.

१९३९ च्या नोव्हेंबरांत पांच गुरुवार आले आणि सण ३० तारखेवर गेला. नाताळपर्यंत खरेदीचे दिवस थोडे उरणार, या विचारानें मंदीनें गांजलेले व्यापारी हवालदिल झाले. ओहायोमधील फ्रेड लाझारस यांच्यासारख्या बड्या दुकानदारांनीं रूझवेल्ट यांच्याकडे धांव घेतली, आणि रूझवेल्ट यांनीं सण एक आठवडा अलीकडे ओढून २३ तारखेवर ठेवला. मग जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. कॅलेंडरें छापून झालेलीं, फुटबॉलचे सामने ठरून गेलेले! जवळजवळ निम्म्या राज्यांनीं नवा दिवस मानला, बाकीच्यांपैकीं बहुतेक जुन्यास चिकटून राहिलीं, आणि टेक्सससारख्यांनीं दोन्ही दिवस सुट्टी घेतली. अटलांटिक सिटीच्या नगराध्यक्षांनीं राष्ट्राध्यक्षांच्या फ्रँकलिन या नांवावरून सणाला ‘फ्रँक्सगिव्हिंग’ म्हणून घेतलें. एवढा खटाटोप करूनहि विक्री वाढली नाहीं हें १९४१ मध्यें खुद्द रूझवेल्ट यांनीं मान्य केलें. अखेर चौथा गुरुवार कायद्यानें ठरला. त्या कायद्यावर २६ डिसेंबर १९४१ रोजीं, पर्ल हार्बरच्या आघातास तीन आठवडे झाले नव्हते तोंच, सही झाली.

नांवाचा जन्म मात्र दुकानांत झाला नाहीं. १९५१ च्या एका कारखानदारी मासिकांत ‘काळा शुक्रवार’ भेटतो, तो गैरहजेरीचा दिवस म्हणून. गुरुवारची सुट्टी शनिवार-रविवारशीं जोडण्याकरितां त्या दिवशीं कामगार हटकून आजारी पडत! फिलाडेल्फियाच्या पोलिसांची तक्रार याच्या नेमकी उलट होती: त्यांना सुट्टीच मिळत नसे. भूसेना व नौसेना यांच्या संघांचा फुटबॉल सामना बहुधा त्या शनिवारीं तेथें होई. आदल्या दिवशींच बाहेरगांवचे प्रेक्षक आणि उपनगरांतील गिऱ्हाइकें शहरांत लोटत. मोटारींनीं रस्ते तुंबत आणि वाहतुकीचे शिपाई बारा बारा तास चौकांत उभे राहत. त्यांनीं वैतागून त्या दोन दिवसांना ‘काळा शुक्रवार’ व ‘काळा शनिवार’ म्हणावयास सुरुवात केली, आणि दुकानांतल्या विक्रेत्यांच्या तोंडींहि तेंच बसलें.

मालकांना हें झोंबलें. नगरपालिकेचे एक अधिकारी एब रोझन यांच्या पुढाकारानें १९६१ मध्यें ‘बिग फ्रायडे’, म्हणजे थोर शुक्रवार, असें नवें नांव रूढ करण्याचा प्रयत्न झाला. बारसें झालें, पण मूल त्या नांवाला ओ देईना. जुनें नांव १९७५ पर्यंत शहराची वेस ओलांडून इतर वृत्तपत्रांत पोंचलें. नांव पुसतां येत नाहीं असें पाहून त्याचा अर्थच बदलण्यांत आला. काळ्या शाईची कथा अवतरली ती याच वेळीं. ज्यांच्या पायांना गोळे आले त्या शिपायांची त्या कथेंत आठवणहि उरली नाहीं.

भरमसाट सवलतींचा दिवस ही त्याची ख्याति त्यामानानें अलीकडची. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वर्षांतील सर्वांत मोठी विक्री बहुधा नाताळच्या आधींच्या शनिवारीं होत असे. पुढें पहिल्या कांहीं गिऱ्हाइकांसाठीं मोजकाच माल अगदीं पडत्या भावानें मांडण्याची युक्ति फोफावली. माल थोडा, माणसें फार. म्हणून पहांटेपासून रांगा. २८ नोव्हेंबर २००८ रोजीं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका प्रचंड दुकानाचे दरवाजे जमावानें फोडले आणि त्या लोंढ्याखालीं तेथला एक हंगामी कामगार तुडवला जाऊन मेला. तरीहि वेळ मागेंच सरकत राहिली: २०११ मध्यें कित्येक दुकानें मध्यरात्रीं उघडलीं, पुढें गुरुवारच्या सायंकाळीं. सणाच्या जेवणावरून उठून नोकरांना कामावर जावें लागूं लागलें. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड व मेन या राज्यांत मात्र सणादिवशीं मोठीं दुकानें उघडण्यास जुन्या धर्मनिष्ठ कायद्यांची बंदी असल्यानें तेथल्या नोकरांचें ताट वाचलें. इतरत्र ही सुट्टी पुष्कळ दुकानांनीं २०२० च्या साथींत परत केली. तोंवर बरीचशी खरेदी घरबसल्या संगणकावरून होऊं लागली होती.

ब्रिटनमध्यें थँक्सगिव्हिंग नाहीं. तरी २०१० मध्यें ॲमेझॉननें तेथें हा शुक्रवार नेला आणि मग इतर दुकानांनींहि तो उचलला. २०१४ सालीं मँचेस्टरच्या परिसरांत मध्यरात्रीं दूरदर्शनसंचांसाठीं झोंबाझोंबी सुरू झाली आणि पोलिसांना धांवावें लागलें. दुकानांनीं बंदोबस्ताची पुरेशी तयारी ठेवली नव्हती, अशी तक्रार दुसऱ्या दिवशीं तेथल्या पोलिसांच्या मुख्याधिकाऱ्यानें जाहीरपणें केली.