कायमचे केस घालवणे

डोक्यावर राहा म्हणून ज्यांच्या मिनतवाऱ्या कराव्यात ते केस एक दिवस न सांगता निघून जातात, आणि ओठांवरचे नि हनुवटीवरचे मात्र पागडीच्या भाडेकरूसारखे ठाण मांडून बसतात. त्यांना बाहेर काढण्याचा इतिहास म्हणजे निव्वळ कोर्टबाजी आहे.

१८७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टर चार्ल्स मिशेलनी डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडली. केस गेला तो गेलाच! फक्त एका वेळी एकच.

एवढा धीर कुणाला? १८९६ मध्ये, क्ष-किरणांना जेमतेम वर्ष होतंय तोच, व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवरच्या केसाळ जन्मखुणेवर ते सोडले. केस गळले, पण पाठीला चिघळणारी जखम झाली. यावरून शहाणं व्हायचं की नाही? पण १९२० च्या दशकात अमेरिकेत क्ष-किरणांनी केस घालवून देणारी दुकानं चालली. दुखत नाही, खुपत नाही, बायका खूश. पुढे काही वर्षांनी कातडी सुरकुतली, व्रण उठले, काहींना कॅन्सर झाला. भाडेकरू गेला, पण घर पाडून.

लेसर आला १९६० साली. १९८३ मध्ये बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी मर्म सांगितलं: प्रकाशाची लांबी आणि वेळ नेमकी साधली तर हवं तेवढंच भाजतं. केसातला काळा रंग प्रकाश पितो, तापतो, मुळाला चटका बसतो. मात्र वाढीला लागलेला केसच सापडतो, म्हणून आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ खेपा.

आता आपली पंचाईत अशी की आपली कातडीही सावळी. प्रकाशाला केस कुठला नि कातडी कुठली हे कळेना, की भाजतं, काळे-पांढरे डाग पडतात. आपल्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सोयीचा, कारण तो कातडीच्या रंगात कमी अडकतो. आणि क्वचित, चेहऱ्यामानेवर, उपचारानंतर केस उलट वाढतात! म्हणजे बेदखलीची नोटीस दिली आणि भाडेकरूनं गावाकडची माणसं बोलावून घेतली. अमेरिकेचं औषधखातंही या यंत्रांना ‘कायमचे कमी करणारी’ एवढंच म्हणू देतं.

आणि हनुवटीवरचा तो एक पांढरा केस? त्यात रंगच नाही, तेव्हा लेसरला तो दिसतच नाही. त्याच्यासाठी पुन्हा मिशेलसाहेबांची सुई. एका वेळी एक.