मणक्याच्या हाडाचा दुर्मिळ कर्करोग: लक्षणे, प्रसार आणि उपचार

पाठदुखीचे कारण बहुतेक वेळा स्नायू, मणक्याची झीज किंवा सरकलेली गादी हेच असते. मणक्यात कर्करोग सापडला तरी तो बहुधा स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटमधून तिथे पसरलेला असतो. मणक्यातच सुरू होणारा कर्करोग फार क्वचित आढळतो.

मुख्य प्रकार
• कॉर्डोमा: गर्भावस्थेतील नोटोकॉर्डच्या उरलेल्या पेशींपासून होतो. वर्षाला दहा लाखांत सुमारे १ रुग्ण. कण्याच्या खालच्या टोकाला किंवा कवटीच्या तळाशी हळूहळू वाढतो.
• कॉन्ड्रोसार्कोमा: कूर्चेच्या पेशींचा, बहुधा प्रौढांत.
• ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा: वेगाने वाढणारे. युइंग मुख्यतः मुले व तरुणांत.

कधी तपासून घ्यावे?
विश्रांतीनेही न थांबणारी, रात्री झोपेतून उठवणारी, आठवड्यागणिक वाढणारी दुखणी अंगावर काढू नका. पायांतली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडकणे किंवा शौचावरचा ताबा सुटणे असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

टीबी की कर्करोग?
आपल्याकडे मणक्याचा टीबी जास्त आढळतो आणि एमआरआयमध्ये दोन्ही सारखे दिसू शकतात. म्हणून बायोप्सीला पर्याय नाही. ती शक्यतो शस्त्रक्रिया होणार असेल त्याच केंद्रात करावी, कारण सुईच्या मार्गात पेशी राहू शकतात. बायोप्सीने गाठ पसरते म्हणून ती टाळू नका.

प्रसार कसा होतो?
कॉर्डोमा आधी शेजारचे हाड व नसा ग्रासतो. पुढे काहींमध्ये फुप्फुस, यकृत किंवा इतर हाडांत जातो. ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग फुप्फुसात लवकर पोहोचू शकतात. म्हणूनच पाठीच्या आजारात छातीचा सीटी स्कॅन सांगतात.

उपचार
कॉर्डोमा आणि कॉन्ड्रोसार्कोमात गाठ न फोडता अखंड काढणे महत्त्वाचे. त्यांवर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही. युइंग आणि ऑस्टिओसार्कोमात मात्र ती आवश्यक असते. मज्जारज्जूजवळ प्रोटॉन किरणोपचार उपयोगी पडतात. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक केंद्रात ते २०२३ पासून मिळतात.

गडब, पेण परिसरातील रुग्णांना परळपेक्षा खारघर जवळ पडते. मात्र नोंदणी कुठे करायची, ते आधी विचारून घ्या. जाताना एमआरआयच्या फिल्म व सीडी, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड व आधार कार्ड सोबत ठेवा आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. उपचारांनंतरही गाठ अनेक वर्षांनी परत येऊ शकते. बरे वाटले तरी तपासणी चुकवू नका.