हवापालट : कोणाची आणि कशासाठी?

'हवापालट' हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. दोन पिढ्यांपूर्वी तो घरोघरी होता. लांबलेल्या दुखण्यातून माणूस उठला, बाळंतपणात कोणी अशक्त झाले, परीक्षेच्या अभ्यासाने मुलगा वाळला, की डॉक्टर औषधाच्या जोडीला हवापालट सांगत. आज आपण 'ट्रिप' म्हणतो, 'टूर' म्हणतो. या शब्दांतून कुठे जायचे ते कळते, कशासाठी जायचे ते कळत नाही. हवापालटात मात्र कारण आधी ठरे आणि ठिकाण मागाहून. महाराष्ट्रातल्या थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास वाचताना मला हा क्रम पुन्हा पुन्हा भेटत गेला. ही सगळी गावे एकाच मापाची म्हणून वसलेली नाहीत. प्रत्येकामागे निराळी गरज होती, आणि ती विसरून ठिकाण निवडणाऱ्याला त्याचा त्रास भोगावा लागला आहे.

सुरुवात महाबळेश्वरपासून करू. 1824 मध्ये लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी या डोंगरावर चढून गेला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1828 मध्ये इथे आरोग्यस्थान उभारायचे मनावर घेतले आणि 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून ही जागा मिळवली. मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव दिले. 'माल्कम पेठ' हे नाव त्याचेच. हेतू सहलीचा नव्हता. देशावरच्या छावण्यांत तापाने आणि उन्हाने खंगलेले गोरे सैनिक आणि अधिकारी इथे आणून उभे करायचे होते. कंपनी सरकारचा हिशेब सरळ होता: विलायतेहून नवा माणूस आणण्यापेक्षा असलेला बरा करणे स्वस्त. पुढे मुंबई सरकारचा कारभारच उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला हलू लागला.

पावसाळ्यात पुण्याला का, याचे उत्तर पर्जन्यमानात आहे. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वी मृगाच्या आधी तिथली बिऱ्हाडे उतरत आणि बंगल्यांना गवताच्या झडी बांधल्या जात. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला पाऊस याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. उंचीतला फरक थोडा. पण सह्याद्रीचा माथा ओलांडताना ढग बरेचसे रिकामे झालेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन चेसन याने पाचगणीत वस्ती वसवली, झाडे लावली, ती बारमाही राहता येईल अशा गावाच्या शोधात. निवृत्त माणसे तिथे आली, मागून निवासी शाळा आल्या. 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' आरोग्यधाम काढले, तेही पाचगणीलाच. क्षयाच्या रोग्याला महिनोन्‌महिने एका जागी पडून राहायचे असे. चार महिने धुक्यात आणि ओलीत बुडणारे गाव त्याच्या काय कामाचे? दोन शेजारी गावे, एकच घाट. पण एक उन्हाळ्यापुरते आणि दुसरे वर्षभराचे.

माथेरानची गोष्ट तिसरीच. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे 1850 मध्ये तिथे पोचले. उंची महाबळेश्वरच्या मानाने बरीच कमी, सुमारे 800 मीटर. पण मुंबईला जवळ. पुण्याकडची रेल्वे नेरळवरून गेली आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला, वकिलाला धंदा फार दिवस न सोडता जाता येईल असा डोंगर मिळाला. 1907 मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर नेली. म्हणजे माथेरान हे थोड्या दिवसांच्या विसाव्याचे ठिकाण. दीर्घ आजारातून उठणाऱ्यासाठी ते नव्हते.

याचा दाखला गांधीजींच्या आत्मकथेतच आहे. 1918 मध्ये ते अतिसाराने मरणाच्या दारी जाऊन आले. माथेरानला गेल्याने ताकद भरून येईल, असा सल्ला स्नेह्यांनी दिला आणि ते गेले. तिथले पाणी जड होते. आतड्यांच्या आधीच नाजूक झालेल्या अवस्थेत ते सोसेना. आठवडाही न काढता त्यांना माथेरान सोडावे लागले. सल्ला देणाऱ्यांनी हवेचा विचार केला होता; पण हा रोग पोटाचा होता, फुप्फुसाचा नव्हता, आणि पोटाच्या रोग्याच्या दृष्टीने पाणी हवेइतकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे. पुढे 1924 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर ते जुहूच्या समुद्रकाठी राहिले, आणि 1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यानंतर जुहूत काही दिवस काढून पाचगणीला. एकाच माणसाच्या तीन आजारपणांना एकच डोंगर पुरला नाही.

मात्र ही निवड करायची मुभा किती जणांना होती? 'हवापालट करा' हे क्षयाच्या गरीब रोग्याला सांगणे म्हणजे औषध नाही असे सांगण्यासारखेच होते. गिरणगावातल्या खोलीत दहा जणांत राहणाऱ्याने पाचगणीचे वर्षभराचे भाडे कुठून आणायचे? हा प्रश्न सुटला तो डोंगरावर नव्हे, मद्रासमध्ये. स्ट्रेप्टोमायसिन, आयसोनियाझिड ही औषधे आल्यानंतर 1956 मध्ये तिथल्या क्षयरोग उपचार केंद्राने जवळपास दोनशे रोग्यांवर एक अभ्यास सुरू केला. निम्म्या रोग्यांना आरोग्यधामात ठेवले: मोकळी हवा, चांगला आहार, सक्तीची विश्रांती. निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरांत, बेताच्या जेवणावर. औषधे दोघांना सारखीच. वर्षअखेर दोन्ही गटांतल्या बऱ्या झालेल्यांचे प्रमाण जवळ जवळ सारखे निघाले. 1959 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि क्षयाच्या उपचारातून हवा वजा झाली. माझ्या मते थंड हवेच्या ठिकाणांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे, जरी ती त्यांच्यापासून हजार किलोमीटरवर घडली. आरोग्यधामांचे मूळ काम संपले. 'सॅनेटोरियम' हा शब्द देवळाली-माथेरानकडे उरला तो एखाद्या समाजाच्या ट्रस्टने चालवलेल्या स्वस्त उतारूगृहाच्या अर्थाने.

मग बाकीचे लोक विसाव्यासाठी कुठे जात? गिरणी कामगार गावी जाई. आधी आठवड्याच्या सुट्टीसाठीच भांडावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. वर्षाची रजा मात्र बिनपगारी, आणि परतल्यावर नोकरी मिळेलच असे नाही. पुन्हा मुकादमाची मर्जी. तरीही कोकणातला चाकरमानी शिमग्याला, गणपतीला, लावणीला गावी जाईच. 1931 साली कामगारविषयक रॉयल कमिशनने म्हटले, की गावाशी असलेला हा धागा तोडू नये, तो राखून नियमात आणावा. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगाराला वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. केंद्र सरकारने 1956 मध्ये नोकरांना प्रवास सवलत दिली, तीही आधी स्वतःच्या गावी जाण्यासाठी. 'भारतात कुठेही' हे त्यात नंतर आले. गावी जाऊन कामगार निजून राही असे नाही. चिखलात उतरे, घर शाकारी. पण तिथे तो नंबराने नव्हे, नावाने ओळखला जाई. त्याची गरज ती होती.

आणि घरातल्या बाईची सुट्टी? थंड हवेच्या ठिकाणी महिनाभर बिऱ्हाड करायचे तर स्टोव्ह, डबे, पापड-लोणची सगळे बरोबर जाई आणि स्वयंपाकही. हवा बदले, काम बदलत नसे. तिच्यासाठी समाजाने एकच सुट्टी मान्य केली होती, ती माहेरपणाची. तिथे ताट वाढून मिळे, उशिरा उठले तरी कोणी बोलत नसे. त्यासाठी घाट चढावा लागत नव्हता. दिवाळीचा पाडवा, मंगळागौर, पहिले बाळंतपण यांना आपण सण आणि रीती म्हणतो. त्यांत विश्रांतीची केवढी नेमकी व्यवस्था होती, हे हवापालटाच्या इतिहासाशेजारी ठेवल्यावर कळते. अर्थात ज्यांचे माहेर गरीब होते किंवा उरलेच नव्हते, त्यांना तीही नव्हती.

आज रजा पुष्कळांना आहे, गाड्या आहेत, घाट रुंद झाले आहेत. कमी झाली आहे ती जुन्या डॉक्टरची चौकशी: कोणाला न्यायचे, तो कशाने थकला आहे, किती दिवस मिळणार आहेत. गुडघे दुखणाऱ्या वडिलांना माथेरानला नेताना दस्तुरी नाक्यापुढे स्वतःची मोटार जात नाही, हे आधी विचारात घ्यायला हवे. ज्याला माणसांचा कंटाळा आला आहे त्याला मे महिन्यातल्या महाबळेश्वरच्या बाजारपेठेत विसावा मिळणार नाही. जो एकटेपणाने खचला आहे त्याला सुनसान बंगला मानवणार नाही, त्याला चार दिवस आते-मामेभावंडांच्या गजबजाटातच पाठवावे. आणि भाड्याच्या बंगल्यात उतरून तीन वेळचे रांधायचे असेल, तर ही सुट्टी नक्की कोणाची, हेही एकदा विचारावे. माल्कमच्या काळात हे प्रश्न फक्त गोऱ्या सैनिकाबद्दल विचारले जात होते. आता ते घरातल्या प्रत्येकाबद्दल विचारता येतात.