पहिलं बटण कुठलं?

2022 च्या गाळप हंगामातली गोष्ट. सकाळी साडेसहाला फोन वाजला. (सॉफ्टवेअरवाल्याला इतक्या सकाळी आलेला फोन कधीच चांगला नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) आमच्या तेव्हाच्या कंपनीने एका साखर कारखान्याला वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दिलं होतं. भरलेली उसाची गाडी काट्यावर येते, वजन होतं, मग ती रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन होतं, आणि दोन्हींतला फरक शेतकऱ्याच्या नावावर पडतो. साधी वजाबाकी. फोनवर रात्रपाळीचे काटा क्लार्क होते. पन्नाशी ओलांडलेले, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

"साहेब, रात्रीच्या सतरा गाड्या दिसत न्हाईत."

"काका, बंद करताना सेव्ह केलं होतं ना?"

"केलं की. रोजच्यासारखं पहिलं बटण दाबलं."

मी लॉग उघडला. त्यात स्वच्छ लिहिलेलं, 'सेव्ह' नव्हे तर 'डिस्कार्ड' दाबलं गेलंय. म्हणजे नोंदी टाकून द्या. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "काका, वाचून दाबत चला हो." ते काही बोलले नाहीत. मी रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, 'युजर एरर', आणि चहा प्यायला गेलो.

नशीब, की काटा पावत्यांच्या स्थळप्रती होत्या. त्यावरून काकांनी सतरा गाड्या पुन्हा भरल्या. नाहीतर सतरा शेतकऱ्यांच्या टनांचा हिशोब कोण देणार होतं?

दोन दिवसांनी मी कारखान्यावर गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लायसन्सचा खर्च वाचवायला त्यांनी दोन आठवड्यांपूर्वी विंडोज काढून उबुंटू टाकलं होतं. आमचं सॉफ्टवेअर क्यूट या टूलकिटमध्ये लिहिलेलं (बरेच जण 'क्यूटी' म्हणतात, पण बनवणारे 'क्यूट'च म्हणतात). एकदा लिहा, विंडोजवर चालवा, लिनक्सवर चालवा. आणि ते चाललंही! फक्त माझ्या विंडोज लॅपटॉपवर बटणं डावीकडून अशी होती: सेव्ह, डिस्कार्ड, कॅन्सल. आणि काकांच्या मशीनवर अशी: डिस्कार्ड, कॅन्सल, सेव्ह.

काका खरं बोलत होते. त्यांनी पहिलंच बटण दाबलं होतं. पहिलं बटण बदललं होतं.

मी कोडची एक ओळही बदलली नव्हती. मग हे उद्योग कोणी केले? त्या शनिवारी शोधायला बसलो आणि थेट चाळीस वर्षं मागे पोचलो.

सुरुवात ॲपलच्या लिसा या कॉम्प्युटरपासून करू. लिसा बाजारात आला जानेवारी 1983 मध्ये. त्याआधी लॅरी टेस्लर (कट-कॉपी-पेस्टवाले, 2020 मध्ये गेले) बाहेरची माणसं आणून त्यांच्यासमोर लिसा ठेवायचे आणि ती कुठे अडतात ते बघायचे. तेव्हाच्या डायलॉग बॉक्समध्ये 'ओके' नव्हतं, 'डू इट' होतं. एक गृहस्थ सारखे त्यावर येऊन वैतागायचे. शेवटी कळलं, की पडद्यावर 'डू' आणि 'इट'मधली जागा इतकी अरुंद होती आणि मोठा आय छोट्या एलसारखा इतका दिसत होता, की त्यांनी ते 'डोल्ट' वाचलं होतं. डोल्ट म्हणजे ठोंब्या. आपलं काम करता करता मशीन आपल्याला ठोंब्या म्हणतंय! मग 'डू इट' जाऊन 'ओके' आलं. मॅकिंटॉशवर काम केलेल्या अँडी हर्ट्झफेल्ड यांनी हा किस्सा लिहून ठेवलाय.

मला यात एक गोष्ट फार आवडली. त्या माणसाला कोणी "वाचून दाबत चला" म्हणालं नाही. बटण बदललं.

जानेवारी 1984 मध्ये मॅकिंटॉश आला. पुढे ॲपलच्या नियमावलीत पक्कं झालं, की मुख्य कामाचं बटण खाली उजव्या कोपऱ्यात आणि कॅन्सल त्याच्या डावीकडे. वाचता वाचता नजर शेवटी जिथे पोचते तिथे 'पुढे चला' ठेवायचं. नोव्हेंबर 1985 मध्ये आलेल्या विंडोजच्या घराण्यात उलटी रीत रुळली. ओके आधी, कॅन्सल नंतर. डावीकडून वाचताना जे आधी भेटतं ते मुख्य. दोन्ही बाजूंना तर्क आहे, आणि कोण बरोबर यावर लोक अजूनही तावातावाने भांडतात.

विंडोजने आणखी एक सवय लावली. तिथे 'मेसेजबॉक्स' नावाचं तयार फंक्शन होतं. एक ओळ लिहिली की काम झालं. पण बटणांचे संच ठरलेले: ओके, ओके-कॅन्सल, येस-नो, येस-नो-कॅन्सल, रिट्राय-कॅन्सल, आणि ते अजरामर ॲबॉर्ट-रिट्राय-इग्नोर. आपल्या मनातलं क्रियापद बटणावर लिहायची सोयच नाही. त्यामुळे जगभरच्या प्रोग्रामरांनी प्रश्न लांबलचक आणि उत्तर 'येस' असे डायलॉग वर्षानुवर्षं लिहिले. हवी ती बटणं देणारा 'टास्क डायलॉग' विंडोजमध्ये आला तो व्हिस्टाबरोबर, म्हणजे सर्वसामान्यांच्या हातात जानेवारी 2007 मध्ये.

लिनक्सवर तर दोन घरं. केडीई क्यूटवर उभं होतं आणि बटणांच्या क्रमात विंडोजच्या जवळ राहिलं. ग्नोम जीटीकेवर होतं, आणि जून 2002 च्या ग्नोम 2.0 मध्ये त्यांनी मॅकची वाट धरली. मुख्य बटण उजवीकडे, आणि बटणावर होय-नाही नको, 'सेव्ह'सारखं स्पष्ट क्रियापद हवं.

आता विचार करा, या सगळ्यांवर एकच कोड चालवायचा विडा उचललेल्या टूलकिटवाल्यांचं काय झालं असेल! डब्ल्यूएक्स-विजेट्सने (1992 मध्ये एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेलं) शक्य तिथे त्या-त्या सिस्टिमचाच बॉक्स मागवायचा मार्ग घेतला. दिसायला अगदी घरचा, पण सिस्टिम जे देत नाही ते तुम्हालाही मिळत नाही. क्यूट आपले बॉक्स स्वतः रंगवायचं. मोकळीक भरपूर, पण मग क्रमाची जबाबदारीही आपलीच. जीटीकेने डिसेंबर 2004 च्या 2.6 मध्ये 'पर्यायी क्रम' सांगायची सोय दिली.

आणि 2006 मध्ये क्यूट 4.2 ने हा प्रश्न फार हुशारीने सोडवला. बटण कुठे ठेवायचं हे प्रोग्रामरने सांगायचंच नाही. त्याने फक्त बटणाची भूमिका सांगायची. हे मान्य करणारं, हे नाकारणारं, हे विध्वंसक, हे मदतीचं. मग सिस्टिम बघून क्यूट त्यांना ओळीत बसवणार. विंडोजचा, मॅकचा, केडीईचा, ग्नोमचा, असे चार क्रम आतच लिहिलेले. पंगतीत कोण कुठे बसणार हे यजमान ठरवतो तसं.

म्हणजे उबुंटूवर क्यूट चुकलं नव्हतं. ग्नोमच्या रीतीप्रमाणे त्याने विध्वंसक 'डिस्कार्ड' डाव्या टोकाला आणि 'सेव्ह' उजव्या टोकाला अगदी काटेकोरपणे बसवलं होतं. सगळे नियम पाळले गेले आणि सतरा गाड्या गेल्या. कारण नियम गृहीत धरतो, की उबुंटूवरचा माणूस उबुंटूच्या सवयीचा असतो. काका उबुंटूचे नव्हते आणि विंडोजचेही नव्हते. ते आमच्या सॉफ्टवेअरचे होते. दिवसभर तेवढा एकच पडदा त्यांच्यासमोर असायचा.

त्यात आणखी आमचं मराठीकरण! प्रश्न मराठीत, पण बटणांवरचा मजकूर टूलकिटकडून आलेला, इंग्रजीत. ज्या माणसाला बटण वाचता येत नाही, तो जागा लक्षात ठेवणार नाही तर काय करणार? आणि जिथे आम्ही बटणं मराठीत केली होती तिथे वेगळी गंमत. "ही नोंद रद्द करायची का?" आणि खाली बटणं, 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. सांगा, नोंद रद्द करायला काय दाबाल? :-) दुसऱ्या एका ठिकाणी प्रश्न होता, "बदल ठेवायचे नाहीत का?" मराठी माणूस याला "नाही" म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ "नाही ठेवायचे" असा असतो. प्रोग्रामला मात्र तो उलटा लागतो.

मॅकिंटॉश प्रकल्प 1979 मध्ये सुरू करणारे जेफ रास्किन यांनी 2000 साली एका पुस्तकात याच्याही पुढचं सांगितलंय. खात्री करून घेणारा प्रश्न रोज तोच विचारलात, तर उत्तरही सवयीने दिलं जातं. प्रश्न आणि बोट मिळून एकच हालचाल होते. त्यामुळे असा बॉक्स माणसाचं रक्षण करत नाही. त्यापेक्षा काम मागे घेता येईल असं बनवा. अ‍ॅलन कूपर यांनीही 1995 च्या 'अबाउट फेस'मध्ये असल्या बॉक्सांचा खरपूस समाचार घेतला होता. आम्ही इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, पण हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. (शिकवलं असेल तर मी त्या दिवशी कँटीनमध्ये असेन.)

सुरुवातीला मी सोपा इलाज करणार होतो. दोन्हीकडे क्रम विंडोजचाच ठेवायचा. एका ओळीचं काम. मग वाटलं, मुळात हा प्रश्न आपण विचारतोच का? वजन झालं, पावती छापली, गाडी गेली. ती नोंद 'ठेवायची की टाकायची' हा प्रश्न कोणत्या शहाण्याला पडेल? नोंदी पाळी संपेपर्यंत मेमरीत ठेवायचा आळस माझा, आणि त्याचा निर्णय मी पहाटे थकलेल्या माणसावर ढकलला होता.

मग प्रत्येक वजन जागच्या जागी डेटाबेसमध्ये जायला लागलं. चुकीची नोंद मागे घेण्यासाठी वेगळी सोय केली, कारण लिहून. आणि तो बॉक्स काढून टाकला. तीन दिवसांचं काम होतं.

नवीन आवृत्ती टाकायला गेलो तेव्हा काकांनी खिडकी बंद केली आणि वाट बघत बसले.

"विचारलं न्हाई काही?"

"आता नाही विचारणार, काका. त्या दिवशी चूक माझी होती."

"असू द्या हो," म्हणाले, आणि चहा मागवला.

परत आल्यावर तो जुना रिपोर्ट उघडला आणि 'युजर एरर' खोडून 'डिझाइन एरर' लिहिलं. मॅनेजरने विचारलं, आता कशाला बदलतोस, कोण वाचणार आहे? असो. आता कोणी मला सांगितलं, की युजरने चुकीचं बटण दाबलं, तर मी आधी विचारतो, तिथे काल कुठलं बटण होतं?