मूर्ती आणि देह

प्रागैतिहासिक मूर्तीवरून प्राचीन स्त्रीचा बांधा ठरविणे म्हणजे काव्यातील नायिकेच्या वर्णनावरून तत्कालीन गृहिणीचे माप घेण्यासारखे आहे. काव्याच्या बाबतीत ही चूक आपण सहसा करीत नाही. मूर्तींच्या बाबतीत मात्र ती वारंवार होत आली आहे.

चुकीचा आरंभ नावापासून होतो. १८६४ साली फ्रान्समधील लोजरी-बास येथे मार्क्विस द व्हिब्रे यांना मॅमथच्या दंताची एक लहानशी मूर्ती मिळाली. रोमन शिल्पांतील सलज्ज व्हीनसशी विरोध कल्पून त्यांनी तिला थट्टेने ‘निर्लज्ज व्हीनस’ म्हटले. थट्टा विरली, नाव उरले. ही पहिली ‘व्हीनस’ तर सडपातळ आहे! पुढे १९०८ साली ऑस्ट्रियातील विलेनडॉर्फ येथे सुमारे अकरा सेंटिमीटर उंचीची चुनखडकातील मूर्ती निघाली. भरगच्च स्तन, विशाल उदर, चेहऱ्याचा अभाव आणि अंगावर गेरूच्या खुणा. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची ही मूर्ती इतकी प्रसिद्ध झाली की तिचाच देह साऱ्या हिमयुगीन स्त्रियांचा मानला जाऊ लागला. सायबेरियातील माल्टा येथील कृश मूर्तींकडे मात्र सामान्य वाचकाचे लक्ष गेले नाही.

अस्थींची साक्ष निराळी आहे. मोराव्हियातील दोल्नी व्येस्तोनित्से येथे १९२५ साली भाजलेल्या मातीची रुंद कटीची मूर्ती सापडली. त्याच वसाहतीत १९४९ साली मॅमथच्या खांद्याच्या हाडांखाली पुरलेली एक स्त्री मिळाली. ती चाळिशीच्या आसपासची असून नाजूक बांध्याची होती. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू जुन्या इजेने विद्रूप झालेली होती. तेथेच पूर्वी मिळालेल्या एका दंती मुखाचे ओठही तिरपे आहेत. ते मुख तिचेच असावे, असे काहींनी सुचविले. हे नाते वादग्रस्त आहे. पण मूर्तीचा देह आणि मातीतला देह एक नव्हेत, एवढे या एका स्थळावरूनही स्पष्ट होते.

मग हा देह कोणाच्या दृष्टीतला? १९९६ साली लेरॉय मॅक्डर्मट यांनी असे मांडले की, स्वतःच्या शरीराकडे खाली पाहणाऱ्या स्त्रीला ते जसे दिसते, तसेच ते येथे कोरले आहे: स्तन व उदर मोठे, पाय निमुळते होत गेलेले आणि चेहरा नाहीच. या मतावर आक्षेप पुष्कळ आहेत. तरीही त्याने समीक्षेचा आद्य प्रश्न पुन्हा उभा केला: निवेदक कोण?

अनुवादकालाही येथे सावध व्हावे लागते. ‘व्हीनस’ खोडून ‘मातृदेवता’ लिहिले, तर एक तर्क जाऊन दुसरा बसतो, इतकेच. पहिल्या शब्दाने तिला पुरुषाच्या नजरेसाठी ठेवले, दुसऱ्याने पूजेसाठी. ‘स्त्रीमूर्ती’ हा शब्द रुक्ष खरा. पण तो तिच्याविषयी आपल्याला ठाऊक आहे त्याहून अधिक काही सांगत नाही.