सेप्टिक टँकची तपासणी : गाडी बोलावण्याआधी घरमालकाने काय पाहावं?

स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं येणाऱ्या इंदूरमध्ये डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं. शेकडो लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. एका शौचालयाच्या खालून गेलेल्या मुख्य जलवाहिनीत गळती सापडली. मैला जमिनीखाली कुठे जातो, हे माहीत नसलं की काय होतं ते इंदूरने पाहिलं. शहराच्या कडेच्या वसाहतींत आणि आपल्या सीमेवरच्या गावांत घरोघरी सेप्टिक टँकच आहे. लोक त्याला 'सेफ्टी टँक' म्हणतात, पण सेफ्टी आपोआप येत नाही.

टँक भरून अंगणात पाणी आलं की मगच गाडीला फोन जातो. तोवर गाळ शोषखड्ड्यात शिरलेला असतो, आणि एकदा तुंबलेला शोषखड्डा सहसा नवाच खणावा लागतो. भारतीय मानकानुसार (आयएस 2470) घरगुती टँक निदान दोन वर्षांतून एकदा उपसावा. साताऱ्याच्या वाई नगरपालिकेने तर 2018 पासून तक्रारीची वाट न पाहता पाळीपाळीने टँक उपसायला सुरुवात केली.

तपासणीच्या दिवशी घरी थांबा. त्याआधी टँक कुठे, झाकणं किती, शोषखड्डा कुणीकडे, याचा कागदावर साधा नकाशा काढा. झाकणावर फरशी घातली असेल तर ती आधीच काढून घ्या. शोषखड्डा विहीर-बोअरवेलपासून 18 मीटरच्या आत नसावा. टेप लावून मोजाच, शेजाऱ्याच्या बोअरपासूनही.

झाकण उघडायचं काम गाडीवाल्यांचं. आपण लांब उभं राहायचं, आत डोकावायचं नाही, विडी-काडी तर नाहीच. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. लांब बांबूला पांढरं फडकं गुंडाळून तो तळापर्यंत सोडायला सांगा. बाहेर काढल्यावर फडक्यावर काळा गाळ कुठवर चढलाय ते दिसतं. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली असेल, तर उपसा करायलाच हवा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना 'टी' आहे का, मधली भिंत शाबूत आहे का, तेही विचारा. बाहेरचा पाइप थेट नाल्यात सोडलेला निघाला (असं बऱ्याच घरांत निघतं), तर आधी तेच दुरुस्त करा.

उपसा करणारा म्हणाला, "साहेब, पोरगं उतरवतो, पटकन होईल," तर काम तिथेच थांबवा. 2013 च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा गुन्हा फक्त ठेकेदाराचा नाही, काम लावणाऱ्याचाही आहे. यंत्राच्या गाडीसाठी 14420 ही हेल्पलाइन आहे, इंदूरमध्ये '311' ॲपवरही महापालिकेकडे तक्रार करता येते.

पैसे देण्याआधी गाडी कुठे रिकामी होणार ते विचारा. इंदूरचं मोठं मलशुद्धीकरण केंद्र कबीटखेडीला आहे. "बघू कुठेतरी" असं उत्तर आलं तर समजा, तुमचा मैला कुणाच्या तरी शेतात किंवा नाल्यात जाणार आहे. पावतीवर तारीख, किती फेऱ्या आणि गाळाची उंची लिहून घ्या, आणि ती नकाशाच्या कागदालाच टाचून ठेवा.